साडेचार हजारांची ‘नवी’ बॅटरी

नोव्हेंबर संपत आलेला, ऊसतोडीची टोळी येऊन बसलेली, आणि आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ मारला की नुसता ‘टक्’. आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं. थंडी पडली की डिझेल इंजिनाचं ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही उतरतो, एवढं ठाऊक होतं. म्हणून आठ-दहा दिवस ट्रॅक्टर उतारावर लावून ढकलत चालू करत होतो. शेवटी कंटाळलो. बॅटरी चार वर्षांची, तीच गेली असणार असं स्वतःच ठरवून टाकलं.

बेळगावात एक दुकान कुणीतरी सांगितलं. दुकानदार तोंडाचा गोड. “या पावणं, खानापूरकडचं काय? मग आपलंच की.” त्याचं मराठी ऐकून मी निम्मा तिथंच विरघळलो. १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-तासांची बॅटरी दुसरीकडं सात हजारांच्या वर सांगत होते. हा म्हणाला, जुनी द्या आणि वर साडेचार हजार. बिल मागितलं तर म्हणतो, “बिल घातलं की जीएसटी पडतोय. आपल्या माणसाला कशाला भुर्दंड? वर्षाची ग्यारंटी माझी, मी हाय की हितं.”

त्यानं मीटर लावून १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे पुरती भरलेली. मी खूश.

नऊ दिवस चालली. दहाव्या रात्री कारखान्यात वजनकाट्याच्या रांगेत, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टर गप्प. मागच्यांनी आईबापापर्यंत उद्धार केला. एका भल्या माणसानं त्याच्या बॅटरीवरून केबल जोडून चालू करून दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर पावणं-बिवणं सगळं संपलेलं. “तुम्ही पाणी बघितलं नसणार. चार्जिंगचा फॉल्ट असंल. आणि बिल कुठाय?”

कित्तूरला एक म्हातारे कन्नड मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं नेली. त्यांचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून. “बिल?” “इल्लरी,” म्हणजे नाही, म्हटलं. ते कपाळाला हात लावून हसले. आधी इंजिन चालू ठेवून मीटर लावला : १४.१. म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. मग झाकणं उघडून ॲसिडचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर घातला. पाच खणांत १.२८०, म्हणजे भरलेले; सहाव्यात १.१५०, म्हणजे उतरलेला, आणि पाणी गढूळ, तपकिरी. मग सेल्फ मारायला लावलं. मीटरचा आकडा ८च्या खाली. चांगल्या बॅटरीचा साडेनऊच्या आसपास तरी टिकतो.

त्यांनी समजावलं ते असं. झिजलेल्या प्लेटांची जुनी बॅटरी धुतात, ताजं ॲसिड भरतात, चार्ज करतात, वर नवा स्टिकर. ॲसिड ताजं असल्यानं हायड्रोमीटरही ‘भरलेली’ म्हणतो, नुसता मीटरही १२.६ दाखवतो. पण डिझेलच्या सेल्फला काहीशे अँपिअर लागतात, तिथं ती उघडी पडते. म्हणून घेताना दुकानातच लोड टेस्टर, म्हणजे सेल्फसारखा भार टाकून बघायचं यंत्र, लावायला सांगायचं. त्यांनी नखानं स्टिकर उचलला; खाली छापील कोड घासून काढलेला. टर्मिनलच्या शिशावर क्लॅम्पचे जुने ओरखडे. नव्या बॅटरीचं टर्मिनल गुळगुळीत असतं. हे तर मला दुकानात नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

पण खरा चटका पुढं बसला. मिस्त्रींनी अर्थिंगची केबल हलवली. चॅसीकडचं टोक पांढऱ्या-हिरव्या बुरशीनं खाल्लेलं, नट ढिला. म्हणजे सेल्फपर्यंत वीजच नीट पोचत नसणार. कारखान्यात केबल जोडून चालू झाला तो जुळून गेला म्हणायचा. “जुनी बॅटरी एल्ली?” कुठं आहे? मी दुकानाचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टोक घासलं, व्हॅसलीन लावलं, नट आवळला. निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी लावायची, हे त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. बॅटरीची पट्टीही आवळली. शेतात आदळून प्लेटा झडतात, आमची कितीतरी दिवस ढिलीच होती. आणि पाणी कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच, ॲसिड नाही. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघितला. पहिलाच प्रश्न बिलाचा.

मग दुसरीकडून पक्क्या बिलावर, कोड लिहिलेल्या वॉरंटी कार्डासकट बॅटरी घेतली. आमची जुनी बहुधा धडधाकट होती. तिच्या बुडाशी मी निळ्या ऑइलपेंटनं ट्रॅक्टरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, ४७, रंगवले होते. या भागात कुणी अलीकडं स्वस्तात ‘नवी’ घेतली असेल तर एकदा उचलून खाली बघा.