गुडघ्याला मालिश की व्यायाम: पंख्याने लावलेला निकाल

एक्स-रे झालाय, डॉक्टरांनी 'झीज आहे, ग्रेड दोन' किंवा 'तीन' म्हणून सांगितलंय, गोळ्यांनी पोट बिघडतंय आणि ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, अशांसाठी हे लिहितोय. ग्रेड चार म्हणजे झिजेची शेवटची पायरी, त्यांनी सर्जनशीच बोललेलं बरं. बाकीच्यांपुढे आमच्या अमळनेर-चोपड्याकडे दोनच रस्ते असतात: मालिश लावा, नाहीतर फिजिओथेरपीवाल्याकडून व्यायाम शिकून घ्या. मी दोन्ही करून बसलोय.

मालिशचं आधी सांगतो, कारण गाव आधी तिकडेच जातं. तेलाच्या वादात पडत नाही. कुणी महानारायण म्हणतो, कुणी निर्गुंडी, नंदुरबारच्या पुढे सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल चोळतात. मला तरी तेलापेक्षा हात महत्त्वाचा वाटला. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, ना रक्तवाहिन्या असतात ना नसा, त्यामुळे बाहेरून कितीही तेल जिरवलं तरी झिजलेलं भरून येत नाही. दुखतं ते आजूबाजूचं: हाड, सांध्याचं अस्तर, आणि दुखण्याच्या धास्तीने आखडून बसलेली मांडी. मालिशचा खरा उपयोग त्या मांडीला.

आमच्याकडे येणारे मालिशवाले नाना हे ओळखून होते. गुडघ्याच्या वाटीला ते फारसा हात लावत नसत. मांडीवरून अंगठा दाबत खाली आणायचे आणि वाटीच्या चार बोटं वर, आतल्या अंगाला, एका जागी रोवून थांबायचे. डोळ्यापुढे काजवे चमकायचे. मग ती गाठ हळूहळू सैल पडायची, आणि उठून उभं राहिलं की पहिलं पाऊल कुरकुर न करता पडायचं. त्या रात्री जिना चढताना कठडा धरावा लागत नसे. 'मालिश म्हणजे नुसता मनाचा खेळ' म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

अभ्यासही अगदीच विरोधात नाहीत. अमेरिकेत 2012 साली गुडघ्याच्या झिजेच्या 125 रुग्णांना वेगवेगळ्या प्रमाणात मालिश देऊन पाहिलं, तेव्हा आठवड्यातून एकदा, पुरा तासभर, हे प्रमाण सोयीचं ठरलं. पुढे 2018 मध्ये 222 जणांवर मोठी चाचणी झाली. आठ आठवड्यांनी मालिशवाले स्पष्ट पुढे होते, वर्षाअखेर मात्र त्यांच्यात आणि बाकीच्यांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत मालिशला 'नको' म्हटलंय, पण ते सौम्य 'नको' आहे. व्यायामाला मात्र ठाम 'हो'. माझ्या गुडघ्याचं मत साधारण हेच: दोन-तीन दिवस मजेत, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता जे खरं आडवं आलं ते. पंखा.

तेल लावलं की पंखा बंद. नानांचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. 'वारा लागू देऊ नका भो, सगळं तेल वाया जाईन.' हिवाळ्यात ठीक, सकाळच्या गारठ्यात तेल लावून चादर पांघरून पडायला बरंच वाटतं. पण मार्च सरला की आपल्याकडे काय होतं ते जळगाव-भुसावळकरांना सांगायला नको. पारा 45 ला टेकलेला, पत्रे तापलेले, खिडकीत वाळ्याचा पडदा भिजवलेला, आणि आपण पंखा बंद करून अंगभर तेलात. तासभर मालिश, वर पाऊण तास 'मुरू द्या'. घाम आणि तेल एक होऊन मानेखालची उशी ओली. गरम पाण्याने अंघोळ केली तरी मांड्या चिकट, विजार डागाळलेली, आणि मोटारसायकलच्या सीटवर बसलं की घसरगुंडी.

म्हणून गावातल्या एका पंचकर्म केंद्रात गेलो. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात, ती जानुबस्ती. काम नीटनेटकं, माणसं गोड बोलणारी. पण पंखा तिथेही बंद, शिवाय उन्हातून जाणं-येणं. मला वाटायला लागलं, की गुडघा बरा होईल पण उष्माघाताने जाईन. उन्हाळाभर मालिशला दांडी, आणि दांडी मारली की गुडघा हिशोब चुकता करायचा. शिवाय लग्नसराईत नाना सापडत नसत, तेही त्याच महिन्यांत.

फिजिओथेरपीचा पहिला अनुभव काही फार प्रेमात पडावा असा नव्हता. शेक, मग करंटचं मशीन, आणि शेवटी घाईघाईत हातात व्यायामाच्या चित्रांचं झेरॉक्स. लोकांना करंट आवडतो, पडून राहता येतं ना! ब्रिटनच्या 2022 च्या सूचनांमध्ये मात्र गुडघ्याच्या झिजेला ही विजेची यंत्रं देऊच नका असं म्हटलंय. कामाचं होतं ते झेरॉक्स.

त्यातलं मी रोज करतो ते एवढंच. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. मग खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा. हलकं वाटू लागलं की घोट्याला किलोभर वाळूची पिशवी. पहिला पंधरवडाभर दुखतं, कंटाळा तर विचारू नका. मालिशसारखं 'आहाहा' कधीच होत नाही. पण सगळं पंख्याखाली, बनियनवर, टीव्ही बघत होतं. लाइट गेली तर अंगणात खाटेवर. कुणाची वाट बघायची नाही. मे महिन्यात खंड पडला नाही, आणि पावसाळा लागता लागता शेतात बांधावरून चालताना काठी विसरायला लागलो. जोडीला वजन थोडं उतरलं, तेही कामी आलं असेल. एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी घटतो.

त्यामुळे एकच निवडायचं तर मी टॉवेलची गुंडाळी निवडेन. तुमच्याकडे एसी असेल आणि हाताशी चांगला मालिशवाला असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, माझा आग्रह नाही. मीही दिवाळीनंतर नानांना अधूनमधून बोलावतो. मांडी मोकळी झाली की त्या दिवशीचा व्यायाम सोपा जातो.

आईसाठी विचारत असाल, आणि ती वर्षानुवर्षं निंदणीला उकिडवी बसलेली असेल, तर तिला पहिल्या दिवशी व्यायामाचा कागद देऊ नका, ती तो देवघरात ठेवून देईल. सुरुवात मालिशने करा, आठवडाभराने खुर्चीतला व्यायाम जोडा. गुडघा लाल, गरम, सुजलेला असला किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असलं तर मालिश थांबवून आधी डॉक्टर गाठा. आणि साखरेचा आजार असून पायाची जाणीव कमी झाली असेल, तर तेल किती गरम आहे ते दुसऱ्या कुणीतरी हाताला लावून बघावं. तिला चटका कळणार नाही.