मेलिंजोचं रोप – नाशिकमधे घ्यावं का?

गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून मेलिंजोचं रोप आणलं (इंडोनेशियात ज्याची पानं आणि बिया खातात ते झाड). रोप खरंच छान निघालं, गडद चकचकीत पानं, कुठे कीड नाही, पिशवीत मुळांचा गुंता नाही, रोपाला पूर्ण मार्क. पण विकताना जे सांगतात ते ऐकून घेऊ नका प्लीज. "ताई, एकच झाड पुरे, दोन वर्षांत फळ धरेल" असं सांगतात, आणि हे साफ चुकीचं आहे. मेलिंजोत पपईसारखं नर झाड वेगळं, मादी वेगळं, लाल बिया धरतात त्या मादीवर आणि जवळ नर हवा. बियांपासून केलेलं रोप लहान असताना नर की मादी कोणालाच सांगता येत नाही, कळायलाच पाच-सात वर्षं जातात, म्हणून बिया हव्या असतील तर मादी झाडाची गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं कलम) आहे का तेच विचारा. मी विचारलं तर नव्हती त्यांच्याकडे.

आता मी तरी का ठेवलंय? पानांसाठी! पानं नर-मादी दोन्हीची खातात. कोवळी लालसर पालवी खुडून चिंच-गुळाच्या आमटीत टाकली, चव सौम्य, शिजल्यावर मऊ होते, घरात सगळ्यांनी परत मागितली. इंडोनेशियात पण चिंच घालून आंबट रस्सा करतात त्यात हा पाला आणि बिया दोन्ही घालतात. बियांचा तिकडे एम्पिंग नावाचा पापड होतो, मावसभाऊ जकार्ताहून घेऊन आला होता. त्यात पीठ नाही, पापडखार नाही, काहीच नाही, बी भाजून टरफल काढायचं आणि गरम असतानाच ठेचून चपटी करायची, मग उन्हात वाळवून तळायची. हलका कडवटपणा असतो आणि तोच भारी लागतो. कच्ची बी मात्र खाऊ नका.

एक गोष्ट मला फार आवडते, दिसायला कॉफीसारखी रुंद पानं पण हे झाड नात्याने फळ न धरणाऱ्या पाइन आणि सायकसच्या बाजूचं, म्हणजे त्या लाल गोष्टी खरं तर फळं नाहीतच, बियाच आहेत. आसामपासून फिजीपर्यंत हे ओल्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं.

आणि इथेच नाशिकचा प्रॉब्लेम. एप्रिल-मेची कोरडी झळ याला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात, शेडनेट आणि बुंध्याशी पाल्याचं आच्छादन लागतंच, थंडीत पारा खाली गेला की वाढ थांबते. टेरेसवर उघड्या उन्हात ठेवणार असाल तर पैसे वाया. पूर्वेकडची भिंत, आंब्याची सावली असं काही असेल तर घ्या, आणि इगतपुरीकडे कोणाचं शेत असेल तर तिथे दोन-चार रोपं एकत्र लावा, पाऊस भरपूर आहे आणि नर-मादी दोन्ही निघायचा चान्स पण वाढतो.

रोपाला चार स्टार, नर्सरीच्या माहितीला एक.