'आयसपोर्ट' : स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठीची पुस्तिका

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी संध्याकाळचे पाच वाजले की सासूबाई पदर खोचून दाराकडे निघतात, कारण त्यांच्या लेखी धारेची वेळ झालेली असते. गावच्या गोठ्यातल्या म्हशी विकून वीस वर्षे झाली, हे मी त्यांना रोज पटवून देत असे आणि त्या रोज नव्याने रडत असत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये काढलेली 'आयसपोर्ट' ही पुस्तिका हाती आल्यावर आमच्या घरातला हा प्रकार थांबला, म्हणून तिच्याविषयी लिहीत आहे.

पुस्तिकेत ५ विभाग आणि २३ पाठ आहेत. आजाराची ओळख करून देणारा पहिला विभाग एकाच पाठाचा आहे, तर वर्तनातील बदलांविषयीच्या शेवटच्या विभागात १० पाठ आहेत आणि पुस्तिकेचा खरा कस तिथेच लागतो. तेच तेच विचारणे, झोप न लागणे, भास होणे, घराबाहेर पडून वाट चुकणे, अशा एकेका अडचणीला स्वतंत्र पाठ दिलेला आहे. वाद न घालता बोलण्यामागची भावना ओळखावी, हे तिथे वाचल्यावर मी एका संध्याकाळी विचारले, "आत्ती, आज दूध किती निघंल?" त्या लगेच खुलल्या आणि म्हशींची नावे सांगू लागल्या. मग मी परातीत भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवल्या. अंगठ्याने टरफल दाबायचे, दाणे उजवीकडे, टरफले डावीकडे, असे करत त्या तासभर शांत बसल्या. हाताला सवयीचे असलेले काम शोधण्याचे मला सुचले ते चौथ्या विभागातल्या, दिवस आनंदात घालवण्याविषयीच्या पाठामुळे.

तिसरा विभाग सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या मनाविषयी आहे. तो मी सुरुवातीला वरवर चाळला, ही माझी चूक होती. त्या चिडल्या म्हणजे माझेच काहीतरी चुकले असणार, हा विचार किती दिवस मनात घर करून होता, हे तिथले स्वाध्याय लिहिताना लक्षात आले.

इतरांची मदत घेण्याविषयीचा पाठ मात्र मला अपुरा वाटला. मदत कोणाकडे आणि कशी मागावी हे तो सांगतो, पण 'सुनेनंच करायचं असतंय' असे मानणाऱ्या घरात मागायला तोंडच उघडत नाही, त्याचे काय? अमेरिकेतील लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकी देशांतल्या, कुटुंबांतही ज्येष्ठांना घरीच सांभाळणे हे कर्तव्य मानले जाते, त्या कुटुंबनिष्ठेला तिथे 'फॅमिलिस्मो' म्हणतात, आणि प्रत्यक्ष भार बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या स्त्रीवरच येतो. आपापल्या समाजाप्रमाणे या पुस्तिकेत बदल करून घ्यावेत, अशी संघटनेचीच अपेक्षा आहे. आपल्याकडे तसे करताना 'म्हातारचळ लागलाय' म्हणणाऱ्या भाऊबंदांना काय सांगावे आणि नणंदेशी, जावेशी हा विषय कसा काढावा, यांचे नमुने त्यात हवेतच. माझी प्रत इंग्रजी असल्याने मी तो पाठ जावेला आपल्या बोलीत सांगितला. आता रविवारी दुपारी ती आत्तींजवळ बसते आणि मी रंकाळ्यावर जाऊन येते.

पुस्तिका इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येते. उत्तरे लिहायला जागा असल्याने ती छापून घ्यावी. पाठ क्रमाने वाचण्याची अट नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी रात्रीची झोप उडाली आहे त्यांनी सरळ पाचवा विभाग उघडावा.