आयफोन की अँड्रॉइड: बाजू बदलण्याआधी काय सुटेल ते मोजा

कॅमेरा आणि बॅटरी बघून बाजू बदलायचं ठरवू नका. वरच्या किमतीचे फोन आता दोन्हीकडे उत्तमच आहेत. फरक पडतो तो फोनभोवती जमलेल्या पसाऱ्यामुळे.

आधी मनगट बघा. अ‍ॅपल वॉच अँड्रॉइडला जोडताच येत नाही. गॅलक्सी वॉच ४ पासूनची सॅमसंगची घड्याळं आणि गूगलचं पिक्सेल वॉच आयफोनला जोडता येत नाहीत. म्हणजे असं घड्याळ असेल तर नव्या फोनच्या खर्चात नवं घड्याळही धरा. एअरपॉड्स मात्र अँड्रॉइडवर साध्या ब्लूटूथ इयरबड्ससारखे चालतात, थोड्या सोयी गमावून. चार्जरचा प्रश्न २०२३ मध्ये आयफोन १५ ला यूएसबी-सी आल्यावर मिटला.

सगळ्यांना धास्ती असते व्हॉट्सअ‍ॅपची, आणि ती रास्त आहे. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनचा अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उघडत नाही. चॅट थेट एका फोनमधून दुसऱ्यात न्यावे लागतात: आयफोनकडे जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपने, अँड्रॉइडकडे जाताना केबल जोडून. हे काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उरका. नंतर करू म्हटलं की बऱ्याचदा फोन रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फोटोंच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. गूगल फोटोज आयफोनवरही चालतं. आयक्लाउड फोटोजचं अँड्रॉइड अ‍ॅप नाही, ते ब्राउझरमध्ये उघडावं लागतं. फुकट जागा गूगल १५ जीबी देतं (त्यात जीमेलही आलं), अ‍ॅपल ५ जीबी. पुढे कधी बाजू बदलायची शक्यता वाटत असेल, तर फोटो, नोट्स आणि पासवर्ड आजच दोन्हीकडे चालणाऱ्या सेवांवर हलवा. एवढं झालं की फोन बदलणं एका दुपारचं काम उरतं. विकत घेतलेली अ‍ॅप्स मात्र दुसऱ्या स्टोअरवर बहुतेक वेळा पुन्हा विकत घ्यावी लागतात.

अपडेट्समध्ये आयफोन पूर्वी स्पष्टपणे पुढे होता. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. आता पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस२४ पासून त्या मालिकांना ७ वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त अँड्रॉइडला ते गृहीत धरू नका, मॉडेलनिहाय तपासा.

मनासारखी होम स्क्रीन, अधिकृत स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची मोकळीक हवी असेल तर अँड्रॉइडच. घरात सगळ्यांकडे आयफोन आणि मॅक असतील, तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर एअरड्रॉप (जवळच्या अ‍ॅपल उपकरणांना फोटो-फाइल पाठवायची सोय) आणि शेअर केलेले अल्बम सुटल्याचं रोज जाणवेल. अशा घरातल्या माणसाला मी बदल सुचवणार नाही.

आयफोन सोडताना त्यातलं आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा) आधी बंद करा, नाहीतर आयफोनवाल्यांचे काही मेसेज तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. आणि जुना फोन लगेच रीसेट करू नका. मी केला होता. लॉगिनचे दुहेरी पडताळणीचे कोड त्याच फोनमध्ये होते, आणि एकेक खातं परत मिळवण्यात कितीतरी दिवस गेले. महिनाभर तो वायफायवर चालू ठेवा, प्रत्येक खात्यात नव्या फोनवरून एकदा शिरून बघा, मगच विका.