रेघाळ चिंचेला आधार कशाचा: चपडा, सुपरग्लू की व्हॅक्यूम?

चिंचेचा ओंडका पावसाळाभर बांधावर पडून राहिला की सालीखालच्या पांढऱ्या लाकडात काळ्या रेघा उमटतात, बोरूनं ओढल्यासारख्या. बुरशीनं आपली हद्द राखायला घातलेला हा बांध. स्पॉल्टेड लाकूड म्हणतात ते हेच. रेघा देखण्या, पण आजूबाजूचं लाकूड बुरशीनं खाऊन भुसभुशीत केलेलं. लेथवर हत्यार लागलं की तिथले तंतू कापले न जाता उपटून येतात.

काहीही विकत घ्यायच्या आधी लाकूड वाळवा. ओल 20 टक्क्यांच्या खाली गेली की बुरशी थांबते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम फुकटात होतं. मग नखानं दाबून बघा.

नख रुतत नसेल तर चपडा, म्हणजे लाखेचं शेलॅक, पुरे. 1 लिटर स्पिरिटमध्ये साधारण 100 ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घाला, आणि शेवटच्या एक-दोन कातकापांच्या आधी हात मारा. उभे राहिलेले तंतू तो बसवतो, बळ मात्र फारसं देत नाही. स्वस्त आहे, आणि बिघडलं तर स्पिरिटनं पुसता येतं.

नख रुततं पण लाकूड चुरत नाही, तिथे पाण्यासारखा पातळ सुपरग्लू. आडव्या कापाच्या बाजूनं तो झपाझप आत शिरतो. लावायचा फक्त मऊ डागावर, आणि त्याआधी चपड्याचा एक हात द्यायचा, नाहीतर शेजारच्या चांगल्या लाकडावर पिवळट डाग राहतो. या ग्लूला सुकायला हवेतली ओल लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळला तर बाटली बदलायची घाई नको.

इथे आपल्या गावाची एक खोड नडते. सोलापुरात टॉवेलचे तुकडे प्रत्येक वर्कशॉपमध्ये पडलेले असतात. मीही सांडलेला ग्लू तशाच तुकड्यानं पुसायला गेलो. सुती धाग्यात ग्लू मुरताच तुकडा तापला, धूर निघाला आणि बोटाला फोड आला. सुती कापड किंवा कापूस ग्लूजवळ नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बोटाला गुंडाळा आणि दारं उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

व्हॅक्यूमची, म्हणजे लाकडातली हवा ओढून तिथे रेझिन भरण्याची गोष्ट वेगळी. ठोकळा ओव्हनमध्ये 100 अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचा, बंद पिशवीत थंड करायचा, उष्णतेनं घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये बुडवून वर वजन ठेवायचं आणि हवा ओढायची. बुडबुडे थांबायला काही तास लागतात. पंप बंद करून हवा आत सोडली की खरं शोषण सुरू होतं, त्यामुळे ठोकळा लगेच उपसू नका. ओढायला लागला त्याच्या दुप्पट वेळ तरी बुडू द्या. मग फॉइलमध्ये गुंडाळून 90 अंशांच्या आसपास भाजायचा. हा ओव्हन स्वयंपाकाचा नसावा.

गेजचा काटा 28 इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे सरकत नाही म्हणून पंप परत करू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाबच तेवढा कमी. मुंबईच्या गेजवर दिसणारा आकडा इथे दिसणार नाही.

फायदा पक्का: लाकूड आरपार कडक होतं. पण भुसभुशीत ठोकळा स्वतःच्या वजनाइतकं रेझिन पिऊ शकतो. पंप, भांडं, रेझिन, ओव्हन हा खर्च पेन, चाकूची मूठ किंवा बाटलीचं बूच अशा छोट्या वस्तू सारख्या करणाऱ्यालाच परवडतो. एका मोठ्या वाडग्यासाठी मी तरी या फंदात पडणार नाही. शिवाय पॉलिश केल्यावर लाकडाचा हाताला लागणारा उबदारपणा जातो, प्लॅस्टिकची चकाकी उरते. काहींना तीच आवडते.

बाजारात मिळणारा वुड हार्डनर मधला पर्याय. पृष्ठभागाला बरा, जाड तुकड्यात खोल जात नाही.

माझ्याकडे सध्या तीन ठोकळे आहेत. वाडग्याचा चपडा आणि सुपरग्लूवर चालला आहे. पेनांचा लहान तुकडा पंप असलेल्या मित्राकडे जाईल. तिसऱ्यात अंगठा पहिल्या पेरापर्यंत गेला, तो चुलीजवळ ठेवला आहे. आणि तिघांतही बुरशी असल्यामुळे मास्क लावल्याशिवाय लेथ चालू होत नाही.