विश्रामबागेतला वेबसाइट दुरुस्तीवाला, चार स्टार

आमचं सांगलीत हळद-बेदाण्याचं दुकान आहे, दोन वर्षांमागं एकाकडून वेबसाइट करून घेतली (नाव नको, गावातलाच आहे). दिसायला झकास, पण किलो टाकले की रक्कम दाखवणारा चौकोन मोबाईलवर जागाच व्हायचा नाही, तासगावचं एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, दादा, तुमचा दर दिसंस्तवर चहा गार झाला की! त्या माणसाला विचारलं तर म्हणे तुमचं नेट स्लो.

मग विश्रामबागेत एक पोरगा ही कामं करतो कळलं, गेलो. त्यानं क्रोममध्ये एफ ट्वेल्व्ह दाबून (त्यानं साइट तपासायची खिडकी उघडते) नेटचा स्पीड मुद्दाम थ्रीजीवर आणला नि म्हणाला काका, आता बघा. हिशोबाची स्क्रिप्ट (रक्कम काढणारा कोड) विंडो डॉट ऑनलोडवर टाकलेली, म्हणजे पानावरचा शेवटचा फोटो येईपर्यंत ती हलणार नाही, आणि फोटो आम्ही हौसेनं शिवारातले टाकलेले, पाच-पाच एमबीचे बारा! यानं ती डॉमकंटेंटलोडेड या इव्हेंटवर (ब्राउझरच्या इशाऱ्यावर) नेली, आता एचटीएमएल (पानाचा मूळ सांगाडा) वाचून झालं की हिशोब चालू, फोटो येऊ देत मागनं सावकाश. स्लाइडर (सरकत्या फोटोंची पट्टी) मात्र ऑनलोडवरच ठेवला, कारण त्याला फोटोची उंची कळायला लागते, हे मला पटलं, सरसकट सगळं बदलत बसला नाही.

दिवाळीत तर हिशोब आठवडाभर बंदच होता त्याचंही कारण सापडलं. नवीन स्लाइडरच्या स्क्रिप्टनंपण विंडो डॉट ऑनलोड आणि पुढं बरोबरचं चिन्ह (=) असंच लिहिलेलं, आणि दुसऱ्यांदा लिहिलं की पहिलं पुसलं जातं, एरर नाही काही नाही. आता दोन्हीला ॲडइव्हेंटलिसनर आहे, त्यात एकामुळं दुसरं पुसलं जात नाही. जेक्वेरी (तयार कोडची लायब्ररी) नुसती डॉक्युमेंट रेडीसाठी, म्हणजे पान वाचून झाल्याचं कळायला, ठेवलेली ती काढली, म्हणाला ती २००६ ची, तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररला डॉमकंटेंटलोडेड हा इव्हेंटच माहीत नव्हता, त्यात तो २०११ ला नवव्या व्हर्जनपासून आला.

पैसे पंधराशे घेतले, वाजवी. एक स्टार कापला कारण दोन दिवस सांगून नऊ लावले आणि फोटो बारीक करायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर क्लासची पोरं दारातच गाड्या लावतात, आत शिरायला जागा नसते.