टोयोटा जीटी ८६ साठी आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा: वापरानंतरचा अभिप्राय

टोयोटा जीटी ८६ ही गाडी मुळातच बुटकी आहे. २०१२ साली आलेल्या या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अवघ्या ४६० मिलीमीटरवर असल्याचे टोयोटा सांगते, आणि आडवे पसरलेले बॉक्सर इंजिन हे त्यामागचे मुख्य कारण आहे. मग ती आणखी खाली कशाला घ्यायची, असा प्रश्न कोणीही विचारेल. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी डोळ्यांना खुपते हे एक कारण झाले. पण माझ्या दृष्टीने मोठे कारण हे, की मूळ सस्पेन्शनवर ब्रेक दाबताना गाडीचे नाक खाली जाते आणि लागोपाठच्या उलटसुलट वळणांवर ती हवी त्यापेक्षा किंचित जास्त कलते.

१९५१ पासून स्प्रिंगा बनवणाऱ्या आयबाख या जर्मन कंपनीचा प्रो-किट गाडीला साधारण २५ मिलीमीटर खाली आणतो. या स्प्रिंगांचे वेटोळे एका टोकाला जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला सुटे असतात. भार वाढला की जवळची वेटोळी एकमेकांना टेकून कामातून बाद होतात, उरलेली स्प्रिंग अधिक कडक बनते, आणि म्हणून शहरातल्या दगडी रस्त्यावर सुसह्य वाटणारी गाडी वेगात घेतलेल्या वळणावर मात्र ठाम उभी राहते. मूळ शॉकॲब्झॉर्बर या कडकपणाला पुरे पडतात. महामार्गावरच्या पुलांचे सांधे आता अधिक जाणवतात, हे खरे. पण स्टीअरिंग वळवल्यावर गाडीचे नाक ज्या तत्परतेने वळते, त्यापुढे ही किंमत मला मान्य आहे.

आणखी खाली नेणाऱ्या स्प्रिंगांचा मोह मात्र टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बर एकत्र बसवलेले उभे खांब, आहेत. गाडी खाली जाते तसा चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा हात (दांडी) बाहेरच्या टोकाकडे वर चढू लागतो, आणि त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो. दोघांतले अंतर वाढले की कलण्याचा जोर उलट वाढतो, म्हणजे दिसायला रेसची गाडी आणि वळणात मात्र स्प्रिंगांच्या कडकपणाचा अर्धा फायदा वाया. शिवाय बंपस्टॉपपर्यंतची, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणाऱ्या मऊ ठोकळ्यापर्यंतची, जागा उरत नाही, आणि मग प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

बसवणीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या किटची बदनामी होते ती बहुतेक इथेच. मी ज्या वर्कशॉपकडे काम दिले, त्यांनी स्ट्रट सफाईने उतरवले, स्प्रिंग कंप्रेसरमध्ये दोन्ही बाजूंनी सारखी दाबली, तिचे टोक खालच्या बशीतल्या खाचेला नीट टेकवले, आणि वरचा नट आवळताना शॉकॲब्झॉर्बरचा दांडा षटकोनी चावीने धरून ठेवला. इम्पॅक्ट गन (झटक्यांनी नट फिरवणारे यंत्र) लावली असती तर दांडा गरगर फिरून सील खराब झाले असते. इतके सगळे नीट करूनही मागच्या हातांचे बोल्ट त्यांनी गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले. हातांच्या सांध्यांतले रबरी बुश त्या लोंबकळत्या स्थितीत जखडले गेले, आणि गाडी जमिनीवर आल्यावर ओल्या कपड्यासारखे पिळलेलेच राहिले. परिणामी मागची बाजू अपेक्षेपेक्षा उंच दिसत होती आणि बारीकसारीक खडबडीवरही हादरे येत होते. चाकांवर गाडीचा भार असताना तेच बोल्ट सैल करून, गाडी थोडी हलवून, ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळून घेतल्यावर मागची उंची जागेवर आली आणि हादरे लक्षणीय कमी झाले. स्प्रिंगा त्याच होत्या. ‘फार कडक आहेत’ असे म्हणून स्प्रिंगा काढायला निघालेल्यांनी आधी हे बोल्ट तपासून घ्यावेत.

व्हील अलाइनमेंट करावीच लागते. गाडी खाली आली की चाकांचा ऋण कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आतल्या बाजूला झुकाव) वाढतो आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो. मागे मूळ रचनेत टो जुळवता येतो. कॅम्बर हवा तसा बसवायचा तर जुळवता येणारे वेगळे हात विकत घ्यावे लागतात. रोजच्या वापराला मला त्यांची गरज वाटली नाही.

मी जर्मनीत राहत असल्याने टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेची तपासणी ओघानेच आली. किटसोबत येणारे टाइलगुटआख्टन, म्हणजे त्या भागाचे प्रमाणपत्र, घेऊन तपासनिसाकडे जायचे. स्प्रिंग पूर्ण सैल असतानाही जागेवर राहते का, चाक कुठे घासते का आणि हेडलाइटचा झोत योग्य पडतो का हे तो पाहतो, आणि मग बदलाची नोंद होते. नोंद न करता गाडी रस्त्यावर आणली तर तिचा परवानाच धोक्यात येतो. बसवणी, अलाइनमेंट आणि तपासणी यांचा एकत्रित खर्च स्प्रिंगांच्या किमतीइतका तरी धरावा.

पुण्या-मुंबईचे मित्र आपल्या गाड्यांसाठी अशाच स्प्रिंगांबद्दल विचारतात. त्यांना मी नाहीच सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल रोखते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली, आणि नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही १० सेंटीमीटर उंच असतो. नियम न पाहता बांधलेल्यांची तर गोष्टच सोडा.

जर्मनीतल्या जीटी ८६ मालकांना मात्र हा किट मी निःशंकपणे सुचवीन, अट एवढीच की शॉकॲब्झॉर्बर अजून दमदार असावेत. ते गळू लागले असतील तर आधी ते बदलावेत आणि स्प्रिंगा त्याच वेळी घालाव्यात, म्हणजे स्ट्रट उतरवण्याची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.